नेरूळमध्ये जिओकॅशिंगचा दिवस: वीस जण, बारा डबे आणि शेवटचे दहा मीटर

जिओकॅशिंगचा खेळ सांगायला सोपा आहे. जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा जसा होता तसा, जिथे होता तिथेच परत ठेवायचा. मे २००० पर्यंत हा खेळ शक्यच नव्हता. अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. २ मे २००० ला ही चूक काढून टाकली गेली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले.

युरोप-अमेरिकेतल्या शहरांच्या मानाने आपल्याकडे कायमचे डबे तुरळक आहेत. चार मित्र उठले आणि दिवसभरात पंधरा डबे शोधून आले, असं ठाणे-नवी मुंबईत होणं कठीण. त्यामुळे इकडे मित्रमंडळींचा जिओकॅशिंगचा दिवस म्हणजे बहुतेक वेळा आखलेला कार्यक्रम: कुणीतरी एका दिवसापुरते डबे लपवायचे, बाकीच्यांनी चार-चारच्या संघांत शोधायचे, दुपारी सगळे डबे गोळा करून घरी. खाली वीस जण, पाच संघ आणि बारा डबे असा हिशेब धरला आहे. नेरूळ-सीवूड्सच्या बाजूची मोठी उद्यानं डोळ्यांपुढे ठेवली आहेत, पण आकडेमोड कुठेही चालेल.

एक गोष्ट आधीच. या खेळात फोन तुम्हाला दहा मीटरपर्यंत आणून सोडतो. दिवस बिघडतो तो उरलेल्या दहा मीटरांत, नाहीतर फाटकावरच्या वॉचमनपाशी. म्हणून तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ या दोन ठिकाणी घालवायचा.

जागा

ठाण्यात पहिलं नाव सुचतं येऊरचं, आणि तेच आधी खोडायचं. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. तिथे बिबटे आहेत, वन विभागाची वेळेची बंधनं आहेत आणि वर हवाई दलाची हद्दही आहे. राष्ट्रीय उद्यानात झुडपांत डबे ठेवत फिरणं हा खेळ होत नाही. तलावपाळीला तर डबा लपवायचा विचारही नको. तिथे दिवसाच्या कुठल्याही वेळी तुमच्याकडे बघणारी दहा माणसं असतात.

खारघरचं सेंट्रल पार्क मोठं आणि उघडं आहे. वर आकाश मोकळं असल्यामुळे जीपीएस उत्तम चालतं, पण लपवायला जागा कमी आणि दहानंतर सावलीही कमी. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई आणि रॉक गार्डन यांचा मेळ बरा बसतो: झाडं आहेत, दगड आहेत, बाकं आहेत आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल थेट नेरूळला येते. ज्वेलच्या पाणथळ बाजूला आणि खाडीकडच्या खारफुटीत मात्र एकही डबा नको. खारफुटी संरक्षित आहे, चिखल गुडघाभर असतो आणि भरती आली की डबा वाहून जातो. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ पासून संरक्षित आहे आणि २०२२ पासून रामसर यादीतही आहे, त्यामुळे त्या बाजूला पक्षी बघायला जा, डबे ठेवायला नको.

जागा ठरवताना फाटकावरची वेळेची पाटी वाचा. महापालिकेची बरीच उद्यानं दुपारी बंद होतात. बाराला फाटक लागलं आणि तीन डबे आत राहिले, तर ते काढायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल.

तारीख

डिसेंबर ते फेब्रुवारी, रविवारची सकाळ. आंतरराष्ट्रीय जिओकॅशिंग दिवस ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असतो, पण तो ज्यांनी ठरवला त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये ऊन पडतं. आपल्याकडे त्या दिवशी वहीचा लगदा होतो. २६ जानेवारीच्या आधीचा आठवडा टाळा, कारण त्या दिवसांत बंदोबस्त कडक असतो आणि झुडपात वाकून बघणाऱ्याला कुणीही हटकतं. निवडणूक आचारसंहिता किंवा जमावबंदीचा आदेश लागू आहे का, तेही बघून घ्या.

रविवार म्हटलं की मेगाब्लॉक आलाच. तो बहुधा दुपारच्या तासांत असतो आणि शनिवारी जाहीर झालेला असतो. सकाळी येताना अडत नाही, परत जाताना हार्बर आणि ट्रान्स हार्बर या दोन्हींवर अडकायला होतं. ठाण्याच्या मंडळींना हे आदल्या दिवशीच कळवा.

बेवारस वस्तू

रेल्वे स्थानकावर 'बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा' हे ऐकत आपण सगळे मोठे झालो. २००६ चे लोकलमधले स्फोट आणि २००८ चा हल्ला बघितलेल्या शहरात बाकाखाली चिकटपट्टीने चिकटवलेला डबा ही गंमत राहत नाही. सामान्य माणसाने तो बघून १०० किंवा ११२ ला फोन केला, तर त्याने अगदी बरोबर केलं. म्हणून:

परवानगीचं पत्र दोन आठवडे आधी उद्यान विभागाला द्या आणि त्याची प्रत हद्दीतल्या पोलीस ठाण्यात. पत्रात तारीख, वेळ, माणसांची संख्या, डब्यांची संख्या, डब्याचा फोटो आणि दोन संयोजकांचे फोन नंबर हवेत. पोहोच घेतलेली प्रत प्रत्येक संघाकडे एकेक. उद्यानाच्या सुरक्षारक्षकांना त्या दिवशी सकाळी नव्हे, आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन भेटा, कारण सकाळची पाळी वेगळी असते आणि रात्रीच्या पाळीकडून तिला निरोप मिळालेला बरा.

डबे पारदर्शक वापरा. काळी टेप, वायर, धातूचे पाइप, जुने फोनचे खोके यांतलं काहीही नको. प्रत्येक डब्यावर मराठीत ठळक चिठ्ठी: 'ट्रेझर हंट खेळाचा डबा, क्रमांक ७ / १२. धोकादायक नाही. कृपया जागेवर ठेवा.' खाली संयोजकाचा फोन नंबर आणि तारीख.

स्थानक, पूल, भुयारी मार्ग, वीजपेटी, गॅसची पाइपलाइन, पुतळा, मंदिर, शाळेची भिंत, एटीएम: यांच्यापासून लांबच राहा.

आणि या खेळात लपवलेल्या डब्याला 'कॅश' (cache) म्हणतात, पण वॉचमनकाकांना 'आम्ही कॅश शोधतोय' असं चुकूनही सांगू नका. त्यांना ती रोख रक्कमच ऐकू येते आणि पुढचा अर्धा तास कुणाची कॅश, किती, कुठे पडली, हे समजावण्यात जातो. 'काका, आमचा ट्रेझर हंटचा खेळ चाललाय, हे ऑफिसचं पत्र' एवढं पुरतं. या लेखातही म्हणूनच 'डबा' हाच शब्द ठेवला आहे.

परदेशातून आलेला एखादा मित्र सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं उपकरण घेऊन येत असेल, तर ते आणू नको म्हणून आधीच सांगा. विनापरवाना सॅटेलाइट फोन किंवा तसं उपकरण बाळगणं भारतात गुन्हा आहे. तुमच्या-आमच्या फोनमधलं जीपीएस हा फक्त ऐकणारा रिसीव्हर असतो, त्याचा याच्याशी संबंध नाही.

डबे

खेळात डब्यांची मापं ठरलेली आहेत. शंभर मिलिलिटरच्या आतला मायक्रो, शंभर मिलि ते एक लिटर स्मॉल, एक ते वीस लिटर रेग्युलर. शहरी बागेत लिटरच्या वरचा डबा लपत नाही. बारांपैकी आठ स्मॉल आणि चार मायक्रो असा मेळ ठेवा.

स्मॉलसाठी चारही बाजूंनी खटके लागणारे, झाकणाला रबरी कडा असलेले प्लॅस्टिकचे डबे घ्या. मायक्रोसाठी बाटल्या फुगवण्याआधीच्या पीईटी प्लॅस्टिकच्या जाड नळ्या, म्हणजे प्रीफॉर्म, सगळ्यांत भरवशाच्या. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळांच्या डब्या नावाजलेल्या आहेत, पण त्यांच्यात हमखास पाणी शिरतं. कुठलाही डबा घेतला तरी आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून रात्रभर पाण्याच्या बादलीत दगडाखाली बुडवून ठेवा. सकाळी टिश्यूला ओल लागली असेल तर डबा स्वयंपाकघरात परत. एकदा झाकण उघडल्यावर पुन्हा नीट लागतं का, हेही तपासा. पाच संघ पाच वेळा उघडणार आहेत आणि बहुतेक डब्यांत पाणी शिरतं ते खटका अर्धवट लागल्यामुळे.

आत काय? वहीची पट्टी, पेन्सिल, आणि डबा खरंच उघडला याचा पुरावा म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक गुप्त शब्द. पेन्सिलच, जेल पेन नाही, कारण घामट बोटांनी शाई फिसकटते. प्रीफॉर्ममध्ये दोन सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब पट्टी गुंडाळून बसते. पेन्सिल त्यात मावत नाही, ती संघाने आणायची. गुप्त शब्द मराठी, चार अक्षरांपर्यंतचा आणि एकमेकांशी संबंध नसलेला हवा. सगळे शब्द फळांची नावं ठेवलीत तर हुशार संघ बारावं फळ अंदाजाने लिहून टाकतो.

देवाणघेवाणीच्या वस्तू ठेवायच्या तर शिक्के, बॅज, कीचेन, गोट्या चालतील. नियम असा की एक उचललीत तर तितक्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. खाऊ अजिबात नको; मुंग्या पाच मिनिटांत येतात आणि कावळे त्याहून लवकर. नंबर कोरलेलं ट्रॅव्हल बग किंवा जिओकॉइन मिळालं तर ते बक्षीस समजून घरी ठेवू नका. त्याचा नंबर वेबसाइटवर नोंदवून त्याला दुसऱ्या डब्यात पुढे पाठवायचं असतं.

आकडे

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश.

जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, उदाहरणार्थ उत्तर १९° ०१.८३७, पूर्व ०७३° ००.४२५. हेच अक्षांश दशांश अंशांत १९.०३०६२ आणि अंश-मिनिट-सेकंदांत १९° ०१′ ५०.२″ होतं. तिन्ही एकच जागा आहेत, पण कुणी ०१′ ५०.२″ बघून ०१.५०२ असं टाकलं तर तो सहाशे मीटर दक्षिणेला जाऊन शोधत बसतो. (हे आकडे केवळ नमुन्याचे; तिथे जाऊन शोधू नका.) गटात पाठवताना एकच पद्धत ठरवा आणि गूगल मॅप्समध्ये टाकताना अंश आणि मिनिटांमध्ये फक्त मोकळी जागा सोडा. आकडे इंग्रजी लिपीत टाका, देवनागरी आकड्यांवर भरवसा ठेवू नका.

नवी मुंबईची एक खास अडचण आहे. ७३ अंश रेखांश वाशीजवळून जातो. म्हणजे वाशी स्थानकाजवळ फोन ०७२° ५९ दाखवतो आणि नेरूळला ०७३° ००. सवयीने '७२' टाइप करून पुढे ००.४२५ लिहिलं, तर तुम्ही सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, थेट अरबी समुद्रात. समुद्र दिसला की चूक लगेच कळते, पण ०७३° ५९ असं उलटं झालं तर डोंगरांपलीकडे पुण्याच्या बाजूला शोध लागतो आणि ते पटकन कळत नाही.

आपल्या अक्षांशावर मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.७५ मीटर भरतो. म्हणजे शेवटचा आकडा चुकला तर दोन पावलांचा फरक, त्याआधीचा चुकला तर अठरा मीटरांचा, आणि त्याच्याही आधीचा चुकला तर एकशे ऐंशी.

आकडे घ्यायची पद्धत: डबा लपवायच्या जागी फोन ठेवा आणि दोन-तीन मिनिटं हात लावू नका. वाचन लिहून घ्या. तीस पावलं लांब जाऊन दुसऱ्या दिशेने परत या, पुन्हा वाचन. असं तीनदा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी आणखी तीनदा. सहांची सरासरी. एखादं वाचन बाकीच्यांपासून पंधरा मीटरांहून लांब असेल तर ते सोडून द्या. सीवूड्सच्या उंच इमारतींजवळ हे हटकून होतं: उपग्रहाचा संदेश इमारतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि फोनला वाटतं आपण लांब आहोत. दाट ओल्या पानांखालीही तेच. अशा जागी डबा ठेवायचाच असेल तर खूण अचूक द्या, उगाच कोडं घालू नका.

शेवटी हे आकडे दुसऱ्या माणसाच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवर टाकून बघा. तो पाच मीटरांत पोहोचला तर ठीक.

एक मल्टी, एक कोडं

दहा डबे साधे ठेवा. अकरावा मल्टी: पहिल्या जागी फक्त चिठ्ठी, तिथून दुसऱ्या जागेचे आकडे, तिथे डबा. दोनच टप्पे, तिसरा टप्पा आला की संघ रेंगाळतात.

बारावा कोड्याचा. त्याचं उत्तर सकाळी येताना लोकलमध्ये काढता यावं म्हणून आदल्या रात्री गटावर पाठवायचं. नमुना:

उत्तर १९° ०१.८अब, पूर्व ०७३° ००.४कड.
अ: बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली त्या वर्षाचा शेवटचा आकडा.
ब: सिडकोची स्थापना झाली त्या वर्षाचा तिसरा आकडा.
क: नवी मुंबई महापालिका १९९० च्या दशकात सुरू झाली, त्या वर्षाचा शेवटचा आकडा.
ड: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं त्या वर्षाचा शेवटचा आकडा.
पडताळा: अ + ब + क + ड = १७.

वर्षं १८५३, १९७०, १९९२ आणि २०१५, म्हणून ३, ७, २, ५. पडताळा द्यायलाच हवा, नाहीतर महापालिकेचं साल १९९१ धरणारा एक संघ सतरा मीटर पश्चिमेला झुडपं उपसत बसतो. वादाचा आकडा नेहमी शेवटच्या घरात टाका, म्हणजे चूक झाली तरी दोन मीटरांवर निभावते. वरच्या नमुन्यात 'क' चुकीच्या घरात आहे. तुमच्या कोड्यात 'क' आणि 'ड' यांची अदलाबदल करा.

खुणेबद्दल थोडं. जिओकॅशिंगच्या वेबसाइटवर खूण रॉट-१३ पद्धतीने लपवतात, म्हणजे रोमन वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवतात. देवनागरीला याने काहीच होत नाही. मराठीत लिहिलेली खूण जशीच्या तशी राहते. आपल्या खेळात खूण दुमडून स्टेपल केलेल्या चिठ्ठीत द्या आणि स्टेपल उघडलं की तीन गुण वजा.

वेळेचा हिशेब

साध्या डब्याला चालणं तीन मिनिटं, शोध आठ, नोंद आणि परत ठेवणं दोन: तेरा मिनिटं. दहा डब्यांची एकशे तीस. मल्टी आणि कोडं प्रत्येकी पंचवीस. एकूण तीन तास. साधे दहा डबे एका वर्तुळात, एकमेकांपासून किमान ऐंशी मीटर. पहिला संघ डबा १ पासून, दुसरा ३ पासून, तिसरा ५, चौथा ७, पाचवा ९. सगळे एकाच दिशेने. त्यामुळे एका डब्यावर दोन संघांमध्ये साधारण सव्वीस मिनिटांचं अंतर राहतं. सगळ्यांना डबा १ पासून सोडलंत तर पहिला संघ शोधतो आणि बाकीचे सोळा जण त्याच्या पाठीकडे बघत उभे राहतात.

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. पहाटे सहाला टॉर्च घेऊन झुडपात हात घालणारे दोघे कुणालाही चोर वाटतील, म्हणून डबे उजेडातच ठेवा.

७.१५ ला संयोजकांच्या दोन जोड्या, प्रत्येकी सहा डबे. प्रत्येक जागेचा जवळून एक आणि पाच मीटरांवरून एक फोटो.
८.०० ला सगळे फाटकाबाहेर. नोंदपत्रक आणि परवानगीपत्र वाटप, फोनची तपासणी, नियम.
८.३० ला सुरुवात.
११.३० ला शेवट. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दोन गुण वजा.
११.४५ पासून डबे काढणं, बाराला मोजणी.

गुण: सात सोपे डबे दहाचे, तीन मध्यम पंधराचे, मल्टी आणि कोडं पंचवीसचे, एकूण १६५.

खेळणाऱ्यांनी आदल्या रात्री

उद्यानाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. अँड्रॉइडवर सी:जिओ हे मोफत अॅप ओपनस्ट्रीटमॅपच्या ऑफलाइन नकाशांसह चालतं. नेट नसलं तरी जीपीएस चालतं, फक्त पहिली जागा पकडायला वेळ लागतो: उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर तीस सेकंदांनी परत सांगतो आणि नेट असेल तर फोन ती आयती उतरवून घेतो. म्हणून फाटकाबाहेर नेट चालू असतानाच नकाशा एकदा उघडा. संघात दोन फोन जीपीएसवर, दोन बंद. पडदा सतत चालू राहिला तर दोन-अडीच तासांत बॅटरी उतरते. दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक चौघांना पुरते.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, प्रत्येकी एक लिटर पाणी, लहान टॉर्च, हातभर काठी, पेन्सिल, लहानसा आरसा. आरसा वाचून हसू येईल, पण बाकाच्या खालची बाजू वाकून न बघता दिसते.

शेवटचे दहा मीटर

आधी होकायंत्र जुळवा. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यात तीन-चार वेळा फिरवा. (मराठी ८ काढून उपयोग नाही.) मॅग्नेटचं कव्हर असेल तर काढा, ते बाण हमखास फिरवतं. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक आपल्याकडे एका अंशाहून कमी आहे, त्याची चिंता नको.

तीस मीटरांवर चालण्याचा वेग कमी करा. दहा मीटरांवर थांबा. तुम्ही थांबलात की बाण डुलायला लागतो. अंतर चार, नऊ, सहा असं नाचतं. नवखे लोक त्या आकड्यामागे गोल गोल फिरत राहतात. तसं करू नका. पुन्हा तीस मीटर मागे जा, वेगळ्या दिशेने सरळ चालत या आणि बाण ज्या वस्तूकडे दाखवतो तिच्याकडे बघा. तिसऱ्या दिशेने आणखी एकदा. तीन रेषा जिथे जवळ येतात तिथे शोध सुरू, आणि फोन खिशात.

मग स्वतःला विचारा: मी लपवला असता तर कुठे? निसर्गात नसलेली गोष्ट शोधा. एकसारख्या मापाचे तीन दगड, समांतर ठेवलेल्या काटक्या, इतरांपेक्षा ओला किंवा इतरांपेक्षा कोरडा दगड, झाडाच्या दुबेळक्यात वाळलेल्या पानांचा गठ्ठा. माणूस लपवताना गुडघा ते छाती या उंचीत लपवतो, कारण त्याला वाकायचा आणि चढायचा कंटाळा असतो. तिथे आधी बघा. एकाने चार मीटरांचा एकच पट्टा बघायचा. चौघांनी एकाच बुंध्याला हात लावण्यात अर्थ नाही.

बिळात, दगडांच्या फटीत, पानांच्या ढिगात थेट हात घालायचा नाही. आधी टॉर्च, मग काठी, मग हात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागात आहेत. साप चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन आणि रुग्णालय. संयोजकांनीही डबा अशा फटीत ठेवायचा नाही. बहुतेक वेळा खेळाडूंच्या धाडसाला संयोजकांचा मूर्खपणाच कारण असतो.

फेरफटक्याला आलेले आजोबा थांबून बघत असतील तर शोध थांबवा, बूट बांधा, पाणी प्या. ते विचारतीलच, तेव्हा खरं सांगा. खेळाबाहेरच्या माणसासमोर डबा उचलला की दहा मिनिटांनी त्यांचा नातू तो घेऊन जातो.

पंधरा मिनिटांत सापडला नाही तर 'नाही सापडला' लिहून पुढे. गटावर डब्याचा क्रमांक टाका, बाकी काही नाही. दोन संघांना तोच डबा मिळाला नाही तर संयोजक जाऊन बघतो. गेला असेल तर त्या डब्याचे गुण सगळ्यांचेच रद्द. अर्ध्या संघांना मिळाले म्हणून ठेवले तर जेवताना भांडण.

सापडल्यावर ओरडू नका. एकाने उघडायचं, एकाने नाव आणि वेळ लिहायची, एकाने गुप्त शब्द आपल्या नोंदपत्रकावर, चौथ्याने आजूबाजूला नजर. झाकणाचे चारही खटके लावून झाल्यावर बोट सगळ्या कडेवरून फिरवा. डबा होता तसाच, तितकाच झाकलेला. 'इथे जास्त छान लपेल' म्हणून जागा सुधारणारा संघ पुढच्या चार संघांचा दिवस वाया घालवतो.

वेबसाइटवर घालायचं असेल तर

एका दिवसाचे डबे जिओकॅशिंगच्या वेबसाइटवर नोंदवता येत नाहीत. तिथे डबा किमान तीन महिने राहायला हवा, दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर लांब हवा आणि जमीन खणून पुरलेला नको. पण भेटीचा कार्यक्रम 'इव्हेंट' म्हणून नोंदवता येतो: किमान अर्धा तासाचा, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी, आणि तपासणाऱ्या स्वयंसेवकाकडे दोन आठवडे आधी पाठवलेला. येणारे आधी 'येणार' अशी नोंद करतात, येऊन गेल्यावर 'हजर' अशी. हजेरीची वही आठ वाजता फाटकाबाहेर ठेवा. शेवटी ठेवलीत तर मेगाब्लॉकच्या भीतीने निघून गेलेले राहतात. कचरा उचलण्याचा 'सीटो' (CITO, Cache In Trash Out) प्रकारचा इव्हेंट करायचा असेल तर किमान एक तास लागतो आणि उद्यान विभागाची परवानगी मिळायला त्याने बरीच मदत होते.

आवरताना

डबे ज्यांनी ठेवले त्यांनीच काढायचे, फोटो बघून. वेगळ्या जोडीने काढायला गेलं की सहाव्या डब्यापाशी खेळ नव्याने सुरू होतो. बाराची बारा मोजणी झाल्याशिवाय कुणी पोह्यांच्या टपरीकडे निघायचं नाही. एक कमी भरला आणि अर्ध्या तासात मिळाला नाही, तर सुरक्षारक्षकांना त्याचा क्रमांक, फोटो आणि फोन नंबर देऊन या, आणि पोलीस ठाण्यात ज्यांनी पत्र घेतलं त्यांनाही कळवा. संध्याकाळी तो बाकाखाली कुणाला दिसला, तर फोन कुठे करायचा हे त्यांना माहीत असतं.